इंग्लंडातल्या जुन्या घरांचा चारचा चहा आणि त्याबरोबरची केक-बिस्किटं

सोनटक्का

मंडळी, केकचे धागे इथे भरपूर आहेत आणि त्यातलं बरंच मी करूनही बघत असते. आजचा विषय जरा वेगळा आहे. व्हिक्टोरिया स्पंज, सीड केक, स्कोन (छोटे गोल, पावासारखे केक), श्रूजबरी बिस्किटं हे पदार्थ ज्या घरांत चहाबरोबर पुढ्यात यायचे, त्यातली कितीतरी घरं इंग्लंडात अजून उभी आहेत आणि तिकीट काढून आत जाता येतं. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ साली स्थापन झाली. तिच्याकडे अशी शेकडो ठिकाणं आहेत. लोक दिवाणखाना आणि तैलचित्रं बघतात, मी आधी मुदपाकखाना गाठते. तिथली भट्टी, दूधघर, मांडणीवरचे साचे नीट बघितले की पाककृतीतलं प्रमाण तसंच का आहे ते आपोआप उमगतं. यावर मराठीत कुठे सविस्तर वाचलं नाही म्हणून लिहायला घेतलं.

आधी चहाविषयी, कारण त्यात आपली मुंबई आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगँझा १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी लग्न होऊन इंग्लंडात आली. तिच्या आंदणात मुंबई होती हे आपण शाळेत शिकलो. चहा प्यायची सवयही ती माहेरून घेऊन आली आणि राणी पिते म्हटल्यावर दरबारातल्या बायकांनी ती उचलली. लंडनजवळ रिचमंडला थेम्सच्या काठावर हॅम हाउस आहे. तिथे लॉडरडेलच्या डचेसची अगदी लहानशी खाजगी खोली आहे आणि तीत जावाहून आलेलं चहाचं मेज. त्या काळी चहा इतका महाग की तो कुलपात राहायचा आणि किल्ली घरधनिणीच्या कमरेला. चहा ती स्वतःच्या हाताने करायची, नोकरांच्या हाती द्यायची नाही. सरकारी कर प्रचंड होता. १७८४ साली तो ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे चहा साध्या घरांत शिरला.

पण दुपारी चहाबरोबर बसून खायची पद्धत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. त्याचं श्रेय बेडफर्डची सातवी डचेस अ‍ॅना मारिया हिला देतात. साल साधारण १८४०, घर वोबर्न अ‍ॅबी. दुपारचं जेवण हलकं आणि रात्रीचं थेट आठनंतर, त्यामुळे चार-पाचच्या सुमारास तिच्या पोटात खड्डा पडायचा. ती आपल्या खोलीत चहा आणि थोडं पाव-लोणी मागवू लागली, मग मैत्रिणींना बोलावू लागली. ती व्हिक्टोरिया राणीच्या खास सख्यांपैकी होती, त्यामुळे ही पद्धत वरच्या वर्तुळात झपाट्याने पसरली.

आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ते. चहाचे केक मुख्य स्वयंपाकघरात होत नसत. मोठ्या घरांत ‘स्टिलरूम’ नावाची वेगळी खोली असे. ती हाउसकीपरच्या, म्हणजे घराची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाईच्या ताब्यात. मुरांबे, जॅम, सरबतं, बिस्किटं, केक आणि खुद्द चहा, सगळं तिथे व्हायचं आणि करणाऱ्या स्टिलरूम मेड म्हणजे बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या मुली. पाककृतींच्या वह्या मालकिणींच्या नावाने जपल्या गेल्या, पण लोणी फेसणारे हात या मुलींचे. त्यांची नावं नोकरांच्या पगारपत्रकात सापडली तर सापडतात. या घरांत फिरताना मला त्यांचीच आठवण सगळ्यात जास्त येते.

दुसरी गोष्ट भट्टीची. विटांच्या घुमटाकार भट्टीत आतच काटक्यांच्या मोळ्या पेटवायच्या, विटा तापल्या की निखारे-राख ओढून काढायची, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग पाव आत ढकलायचे. पाव निघाले की उतरत्या आचेवर केक, त्यानंतर बिस्किटं आणि उरलेल्या उबेवर फळं वाळवायची. एका मोळीच्या जाळावर दिवसभराचं काम व्हायचं. जुन्या फ्रूटकेकना इतका वेळ मंद आच का लागते, हे इथे कळतं. ते केक त्या उतरत्या भट्टीत जमलेले आहेत.

तिसरी गोष्ट बेकिंग पावडर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ साली ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट आणि अंडी सोसत नसत. दोनच वर्षांनी ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने सेल्फ-रेझिंग पिठाचं पेटंट घेतलं. त्याआधी केक फुगवायचा तर यीस्ट घाला किंवा अंडी फेटत बसा. तासभर फेटा असं जुन्या वह्यांत सर्रास लिहिलेलं असतं. डचेसचा चहा आणि ही पावडर एकाच दशकातली आहे. रोज चारला ताजा केक हवा ही हौस स्टिलरूमला पुरी करता आली ती या पावडरीमुळे, असं माझं मत आहे.

आता व्हिक्टोरिया सँडविच, म्हणजेच व्हिक्टोरिया स्पंज. राणीचं उन्हाळी घर ऑस्बोर्न हाउस आयल ऑफ वाइट बेटावर आहे. (हे इंग्लिश हेरिटेज सांभाळतं. तिथला दरबार हॉल लाहोरच्या भाई राम सिंग यांच्या आराखड्याचा आहे, गेलात तर छताचं नक्षीकाम बघायला वेळ ठेवा.) बागेत राणीच्या मुलांसाठी स्विस कॉटेज नावाचं लाकडी घर बांधलं होतं. त्यात खरी चूल आणि खरी भांडी होती. राजकन्या तिथे केक-टार्ट करायला शिकायच्या आणि आईवडिलांना चहाला बोलवायच्या.

या केकची जुनी छापील कृती इझाबेला बीटन यांच्या १८६१च्या पुस्तकात आहे. चार अंडी, त्यांच्या वजनाइतकी साखर, तेवढंच लोणी, तेवढाच मैदा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही! दहा मिनिटं फेटायचं, वीस मिनिटं भाजायचं, मध्ये जॅम भरून लांब बोटांसारखे तुकडे कापायचे आणि काचेच्या ताटलीत एकमेकांवर आडवे-उभे रचायचे. आज दिसतो तो गोल केक नंतरचा.

मी करते ते असं. अंडी कवचासकट तोला. इंग्लंडातली मोठी चार अंडी साधारण २५० ते २९० ग्रॅम भरतात, आपल्याकडची थोडी कमी, म्हणून मोजण्यापेक्षा तोलणंच बरं. तेवढंच मऊ लोणी आणि बारीक साखर पांढरी होईपर्यंत फेसा, अंडी एकेक करून घाला, मग मैदा आणि दोन चमचे बेकिंग पावडर चाळून हलक्या हाताने मिसळा. २० सेंटिमीटरच्या दोन टिनांत १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं. आत रास्पबेरी जॅम, वर बारीक साखर. विमेन्स इन्स्टिट्यूट या तिथल्या बायकांच्या संस्थेच्या स्पर्धेत एवढंच चालतं, क्रीम भरलं की गुण जातात.

आणि स्कोन. त्यासाठी कॉर्नवॉलमधलं लॅनहायड्रॉक बघा. १८८१च्या आगीत ते घर बरंचसं जळालं. ते पुन्हा बांधताना मुदपाकखाना त्या काळातला अगदी अद्ययावत केला: भट्टीची खोली वेगळी, पेस्ट्रीची वेगळी, दूधघर वेगळं. दूधघरात दगडी कट्ट्यांच्या खोबणींतून टेकडीवरचं गार पाणी खेळवलेलं आहे. शेजारच्या खोलीत पसरट भांड्यांत दूध मंद आचेवर तापवून वर जाड साय धरवायची आणि या कट्ट्यांवर गार करायची, हेच क्लॉटेड क्रीम. तिथे उभं राहिल्यावर कळतं की स्कोन कमी गोड, जवळजवळ सपक का ठेवतात. सगळी चव ती साय आणि जॅम देणार असते.

२२५ ग्रॅम मैदा, तीन चमचे बेकिंग पावडर, ५० ग्रॅम अगदी थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं दिसलं की २५ ग्रॅम साखर, मग १५० मिली दूध. मळायचं नाही, गोळा जेमतेम धरला की पुरे. अडीच सेंटिमीटर जाड थापून वाटीने सरळ खाली दाबून कापा. वाटी फिरवली तर कडा चिकटतात आणि स्कोन तिरका फुगतो. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.

तुम्ही अशी कुठली घरं बघितलीत, काय खाल्लंत, काय करता, सगळं लिहा.

---

कॅम्पातली

वा! स्टिलरूमबद्दल काहीच माहीत नव्हतं. सोनटक्काताई, श्रूजबरीचं नाव घेऊन पुढे काहीच लिहिलं नाहीत, आणि आम्ही पुणेकर त्याच ओळीवर अडकलोय. कयानीच्या रांगेत उभं राहूनच मोठे झालो. मूळ श्रूजबरी तशीच असते का?

---

सोनटक्का

कॅम्पातली, बरं झालं विचारलंत. श्रूजबरी हे वेल्सच्या सीमेजवळचं श्रॉपशरमधलं गाव. तिथल्या ‘श्रूजबरी केक’च्या कृती सतराव्या शतकापासून हस्तलिखित वह्यांत सापडतात. पीठ, लोणी, साखर, गुलाबपाणी, जायफळ किंवा दालचिनी, कधी कॅरवेचे (जिऱ्यासारखे दिसणारे) दाणे. नाव केक असलं तरी पातळ, खुसखुशीत बिस्किटच. गावाजवळ अ‍ॅटिंगहॅम पार्क हे नॅशनल ट्रस्टचं मोठं घर आहे, त्या भागात गेलात तर दोन्ही एका दिवसात होतं.

हल्लीची इंग्लिश कृती: ११५ ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम साखर फेसा, दोन अंड्यांचे पिवळे बलक, एका लिंबाची किसलेली साल, २२५ ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक काळ्या मनुका. पाव इंच जाड लाटून कापा, १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी. कयानी बेकरी १९५५ची. तिच्या श्रूजबरीत ना लिंबाची साल, ना मनुका. लोण्याचाच स्वाद आणि तोंडात विरघळणारा पोत. चहात बुडवायला मला पुण्याचीच आवडते, आणि इंग्लिश श्रूजबरी नुसती खायला.

---

दूधभाकर

क्लॉटेड क्रीम म्हशीच्या दुधाच्या सायीचं उत्तम होतं, सांगून ठेवतो. आमच्याकडे घरचं दूध. ताजी मलई (विरजण न लावलेली!) पसरट काचेच्या भांड्यात दोन बोटं उंचीपर्यंत ओतायची, ओव्हन ८० अंशांवर, दहा-बारा तास, मध्ये हलवायचं नाही. बाहेर काढून गार झालं की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वरचा पिवळसर थर झाऱ्याने अलगद उचलायचा. खाली उरतं त्या पातळ दुधात स्कोनचं पीठ भिजवा, वेगळं दूध लागत नाही.

आणि आधी जॅम की आधी साय?

---

सोनटक्का

दूधभाकर, ते खालचं दूध स्कोनमध्ये वापरायची युक्ती फार छान, या आठवड्यात करणार. डेव्हनमध्ये आधी साय मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. मी कॉर्नवॉलची बाजू घेते: स्कोन गरम असेल तर साय आधी लावल्यास वितळून जाते.

---

उंबरठा_२

लेख आवडला, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. या घरांच्या चहाच्या मेजावरची साखर कुठून यायची? लीड्सजवळचं हेअरवुड हाउस बघितलं आहे. १७५९ साली बांधायला घेतलं. घराणं लॅसेल्स, पैसा बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांचा आणि तिथल्या गुलामांच्या घामाचा. १८३३ला गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाला तेव्हा सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना. वेल्समधल्या पॉविस कासलमध्ये तर क्लाइव्ह घराण्याने नेलेला टिपू सुलतानाचा तंबू आहे. अशा घरात बसून केक गोड लागत नाही मला.

---

सोनटक्का

उंबरठा, हे लिहिलंत ते योग्यच केलंत, आणि मूळ लेखात ते यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या घरांचे वसाहती आणि गुलामगिरीशी असलेले धागेदोरे मांडणारा अहवाल काढला. त्यावर तिथे बरीच टीका झाली, पण माझ्या मते ते काम आवश्यक होतं.

यात एक बाजू स्वयंपाकघराचीही आहे. १७९१-९२च्या सुमारास इंग्लंडातल्या हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वापरणं बंद केलं. घरात काय शिजेल हे बायकांच्या हातात होतं, मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांनी हे चहाच्या मेजावरून केलं. पुढे १८२०च्या दशकात ‘गुलामांनी न पिकवलेली ईस्ट इंडियाची साखर’ अशा अर्थाची अक्षरं असलेली साखरेची भांडी विकत मिळायची. ईस्ट इंडिया म्हणजे आपण, आणि आपल्याकडचे शेतकरी-मजूर तेव्हा कुठल्या सुखात होते हा पुढचा प्रश्न आहेच. म्हणून मला वाटतं की या घरांत जावं आणि साखरेच्या भांड्यापाशी जरा जास्त वेळ थांबावं.

---

पाटावरवंटा

ओव्हन नाही हो आमच्याकडे. 🙁 कुकरमध्ये वाळू घालून केक करते, पण ते स्कोन वगैरे २२० अंशांवर कसं जमायचं? तव्यावर होईल असं काही आहे का त्या घरांत?

---

गोधडी

पाटावरवंटा, आहे! मी कार्डिफला राहते. इथे वेल्श केक तव्यावरच करतात. जाड लोखंडी तवा, त्याला इथे बेकस्टोन म्हणतात. २२५ ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, ११० ग्रॅम थंड लोणी चोळून, ८० ग्रॅम साखर, मूठभर बारीक मनुका, पाव चमचा जायफळ-दालचिनी, एक अंडं. लागला तरच दुधाचा हबका. पोळीच्या दुपटीने जाड लाटा, वाटीने कापा, मध्यमपेक्षा मंद आचेवर एकेक बाजू तीन मिनिटं. तवा जास्त तापला तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, म्हणून पहिला एकच टाकून बघा. गरम असतानाच साखरेत घोळवा. आपला भाकरीचा बिडाचा तवा याला अगदी योग्य.

आणि फक्त उमरावांचीच घरं कशाला बघायची? कार्डिफजवळ सेंट फॅगन्सचं संग्रहालय १९४८ला सुरू झालं. वेल्समधली जुनी घरं दगडन् दगड उतरवून इथे परत उभी केली आहेत. लाल रंगाचं शेतघर आहे, मर्थर टिडफिलच्या लोखंड कामगारांची सहा घरांची चाळ आहे आणि त्या चाळीतलं प्रत्येक घर वेगळ्या काळातलं मांडलंय, १८०५ ते १९८५. पहिल्या घरात चुलीवर तवा, शेवटच्यात टीव्ही. शिवाय १९००ची एक बेकरी आणलीय आणि ती चालू आहे, पाव विकत मिळतो! माझ्या सासूबाई चाळीतल्या त्या घरात शिरल्या आणि फडताळ बघून म्हणाल्या, “आमच्या परळच्या खोलीत अगदी असंच होतं गं.” चहाबरोबर काहीतरी गोड हवं ही हौस कामगाराच्या घरीही होतीच, तिथे ती तव्यावर भागवली.

---

सोनटक्का

गोधडी, किती छान लिहिलंत! सेंट फॅगन्स अजून राहिलंय, आता यादीत सगळ्यात वर.

---

मुगाचीखिचडी

अंडं चालत नाही आमच्याकडे. काही सुचवा.

---

सोनटक्का

वर दिलेल्या स्कोनमध्ये अंडं नाहीच. दुसरं शॉर्टब्रेड, मूळ स्कॉटलंडचं. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, वजनाने. म्हणजे ५०, १००, १५०. मैद्यातले दोन-तीन चमचे काढून तितकीच तांदळाची पिठी घातली तर जास्त खुसखुशीत. थाळीत थापून काट्याने टोचे मारा, १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, रंग फिकाच राहू द्या. गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. लोणी मात्र खरं हवं, मार्गारिनने त्यात काही उरत नाही.

---

कॅम्पातली

सीड केक राहिला ताई!

---

सोनटक्का

हो, आणि तो माझा सगळ्यात आवडता, म्हणून सावकाश लिहायचा होता.

यात कॅरवेचे दाणे असतात. जिऱ्याचा डबा उघडू नका, ती चव केकमध्ये जात नाही. कॅरवे मिळाला नाही तर शहाजिऱ्यावर काम भागतं, पण प्रमाण निम्मं करा, ते जास्त उग्र असतं. १७५ ग्रॅम लोणी, १७५ ग्रॅम साखर, तीन अंडी, २२५ ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे कॅरवे, दोन टेबलस्पून दूध. जुन्या घरांत दुधाऐवजी ब्रँडी घालत. दाणे घालण्याआधी हातावर किंचित चोळा, वास मोकळा होतो. १८ सेंटिमीटरच्या टिनात १६० अंशांवर साधारण एक तास.

हा केक वर फाटतो आणि त्या भेगेच्या कडा कुरकुरीत होतात, त्या कापताना ज्याच्या वाट्याला येतील तो नशीबवान. आत काही भरायचं नाही, वर काही लावायचं नाही. पहिल्या दिवशी कॅरवे थोडा पुढे पुढे करतो, दुसऱ्या दिवशी लोण्यात मुरतो. त्यामुळे पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारी करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चार-पाच दिवस सहज टिकतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तीन दिवसांत संपवा.

---

पाटावरवंटा

वेल्श केक तव्यावर केले! अंड्यासकट, मनुकांऐवजी चिरलेले बेदाणे. पहिला करपला, मग गॅस बारीक केला आणि पुढचे सगळे नीट झाले. मुलांनी उभ्या उभ्या संपवले. गोधडी, जायफळ अजून वाढवलं तर चालेल का?

---

गोधडी

चालेल, पण अर्ध्या चमच्याच्या वर नको, कडसर होतं. आणि पुढच्या वेळी पीठ लाटायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कडा स्वच्छ कापल्या जातात.